गाण्याची संहिता : मिडी फाइल, घरगुती ट्रॅक आणि दिल्ली परिसरातील पुनर्गायनाचा इतिहास

१

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात ‘संहिता’ ही संकल्पना आपण सहजपणे वापरतो. परंतु गीत हा वाङ्मयप्रकार समोर आला की ती डळमळू लागते. गीताची संहिता नेमकी कोणती? कवीने कागदावर लिहिलेले शब्द, संगीतकाराने बांधलेली चाल, की विशिष्ट गायकाच्या आवाजात मुद्रित झालेली आणि श्रोत्यांच्या कानांत कायमची बसलेली ध्वनिमुद्रिका? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या साधनांच्या आधारे दिले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आलेल्या अशाच एका साधनाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ते साधन म्हणजे मिडी फाइल. आणि तिच्याशी निगडित असलेला व्यवहार म्हणजे लोकप्रिय गीते स्वतःच्या आवाजात गाण्यासाठी घरच्या घरी साथसंगत तयार करणे.

प्रारंभी दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. गायकाच्या आवाजाविना केवळ वाद्यांची साथ असलेल्या मुद्रणाला हौशी आणि व्यावसायिक गायक ‘ट्रॅक’ म्हणतात. मूळ गायकाने लोकप्रिय केलेले गीत दुसऱ्याने गाऊन मुद्रित केले, तर व्यापाराच्या भाषेत त्याला ‘व्हर्शन’ आणि अलीकडे ‘कव्हर’ असे म्हटले जाते. या लेखात त्यासाठी ‘पुनर्गायन’ हा शब्द योजला आहे.

लेखाचे प्रतिपादन असे की, मिडी फाइल हे ध्वनिमुद्रण नसून स्वरलेखन आहे. तिच्यात आवाज नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि किती वेळ वाजवावा याच्या सूचना असतात. म्हणून मिडीच्या साहाय्याने घरी ट्रॅक तयार करणारी व्यक्ती ही गीताची नक्कल करणारी नसून त्याचे वाचन करणारी आणि ते वाचन लिहून ठेवणारी असते. दिल्ली परिसरात या लेखनव्यवहारामागे स्वरलिपी, पेटीचा वाद, कॅसेटचा उद्योग आणि स्वामित्वहक्काचा कायदा असा बराच मोठा इतिहास उभा आहे.

२

मराठीच्या अभ्यासकाला पुनर्गायनाची कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून संगीत नाटकाच्या छापील प्रतींत पदांच्या माथ्यावर ‘चाल’ नोंदविण्याची प्रथा दिसते. अमुक पद अमुक परिचित गाण्याच्या चालीवर म्हणावे, एवढाच तो निर्देश असे. कर्नाटकी पदे, लावण्या, साक्या, दिंड्या अशा नाना उगमांतून या चाली आलेल्या होत्या. छापील पानावर शब्द होते, परंतु त्यांचा सूर वाचकाच्या स्मरणातून उसना घ्यावा लागे. ज्याला ती चाल ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती संहिता अर्धीच राही.

पुढे ‘गीत रामायणा’ने याच नात्याची दुसरी बाजू दाखविली. १९५५–५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेली ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या चालींसह इतकी एकरूप झाली की, अन्य भारतीय भाषांत त्यांची भाषांतरे करताना अनुवादकांनी त्याच चालींचे माप डोळ्यांपुढे ठेवले. येथे शब्द बदलले, चाल स्थिर राहिली. उलट, पुनर्गायनात शब्द आणि चाल स्थिर राहतात व आवाज बदलतो. गीतातील कोणता घटक अचल मानायचा आणि कोणता बदलू द्यायचा, याचे हे तीन वेगवेगळे निर्णय आहेत. संगीत नाटकाच्या प्रतीत शब्द होते, चाल स्मरणात होती. मिडी फाइलमध्ये चाल आणि साथ असते, शब्द आणि आवाज गायकाकडे असतो. छापील पदाची ती जणू पूरक अर्धी बाजू होय.

३

गाणे लिहून ठेवावे की नाही, याविषयीचा वाद दिल्लीला नवा नाही. आणि त्या वादात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी पहिली १९१६ मध्ये बडोद्यास आणि दुसरी १९१८ मध्ये दिल्लीस झाली. रागरूपांचे प्रमाणीकरण हा या परिषदांतील एक प्रमुख विषय होता. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा विवेचक ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या भातखंड्यांनी घराण्यांच्या कंठात असलेल्या बंदिशी स्वरलिपीत उतरविल्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची परंपरा १९३९ मध्ये दिल्लीत आली. विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी येथे त्या नावाची संस्था काढली. या दोन्ही प्रवाहांत वही, फळा आणि स्वरलिपी यांना शिक्षणाच्या साधनांचा दर्जा मिळाला. स्वरलिपीत गाण्याचा सांगाडा येतो, प्राण येत नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. तोच आक्षेप पुढे मिडीवर घेतला गेला.

दुसरा वाद पेटीचा. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला, आणि मार्च १९४० पासून लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर या वाद्याला बंदी झाली. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पट्ट्यांवर श्रुती आणि मींड येऊ शकत नाही, हा मुख्य युक्तिवाद होता. १९७१ मध्ये ही बंदी काही अंशी उठली. ज्या मराठी रसिकाने नाट्यसंगीताची साथ ऑर्गन आणि पेटीवरच ऐकली होती, त्याला हा वाद निव्वळ सैद्धान्तिक वाटणे शक्य नव्हते. पट्ट्यांच्या वाद्याने गाण्याचे काय होते, हा प्रश्न दिल्लीत संगणक येण्याच्या अर्धशतक आधी अशा रीतीने मांडला गेला होता.

४

पुनर्गायनाला मोठ्या उद्योगाचे रूप मिळाले तेही याच परिसरात. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाच्या दुकानात वाढलेले गुलशन कुमार यांनी १९८० च्या दशकात सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही कंपनी उभारली. १९७६ मध्ये वसविलेल्या नोएडा या नव्या औद्योगिक नगरात तिचा विस्तार झाला आणि टी-सीरीज या नावाने तिच्या स्वस्त कॅसेटी देशभर गेल्या. जुन्या चित्रपटगीतांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क बहुतांशी ग्रामोफोन कंपनीकडे होते. ती मुद्रणे वापरता येत नसली, तरी तीच गीते नव्या गायकांकडून गाऊन घेण्याची वाट कायद्यात होती. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२(१)(ञ) नुसार सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून आधी मुद्रित झालेल्या गीताचे पुन्हा मुद्रण करता येत असे. अनुराधा पौडवाल, कुमार सानू यांच्यासारख्या गायकांच्या आवाजांत जुनी गीते अशा मार्गाने पुन्हा बाजारात आली. फरिदाबादला १९७३ मध्ये जन्मलेल्या आणि दिल्लीत वाढलेल्या सोनू निगम यांची आरंभीची ओळखही ‘रफी की यादें’ या मालिकेतील पुनर्गायनामुळे झाली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातील या उद्योगाचे तपशीलवार विवेचन केले आहे.

या इतिहासातील एक कायदेशीर तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९५७ च्या मूळ कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या करताना स्वरावली छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे आलेखित झालेली असावी अशी अट होती. म्हणजे केवळ कंठात किंवा तबकडीवर असलेली चाल कायद्याच्या काटेकोर अर्थाने संगीतकृती ठरत नव्हती; तिला लिपीची गरज होती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. संगीत असलेली कृती ती संगीतकृती, आणि तिच्या स्वरलेखनाचा तीत समावेश होतो, अशी व्याख्या आली. त्याच दुरुस्तीने पुनर्गायनासाठी पहिल्या मुद्रणाचे वर्ष संपल्यावर दोन वर्षे थांबण्याचे बंधनही घातले. ‘हम आपके हैं कौन’ या १९९४ च्या चित्रपटाच्या गीतांच्या पुनर्गायित कॅसेटीवरून ग्रामोफोन कंपनी आणि सुपर कॅसेट्स यांच्यातील वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा शीर्षक आणि वेष्टन यांमुळे ग्राहकाची दिशाभूल होते काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. मूळ कोणते आणि पुनर्गायित कोणते हे श्रोत्याला कळले पाहिजे, ही अपेक्षा भाषांतरित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव मागणाऱ्या अपेक्षेहून वेगळी नाही.

५

कॅसेट उद्योगातील पुनर्गायनासाठी वादकांचा ताफा आणि स्टुडिओ लागत असे. हे काम एका व्यक्तीच्या घरात शक्य झाले ते मिडीमुळे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने जानेवारी १९८३ मध्ये दोन भिन्न कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी या संकेतप्रणालीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये मिडी फाइलचा प्रमाण आराखडा आला आणि १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ या नावाने १२८ वाद्यांची क्रमवार यादी निश्चित झाली. एका यंत्रावर लिहिलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर साधारण त्याच वाद्यांत वाजू लागली. कोबे शहरात १९७१ मध्ये दाइसुके इनोऊए यांनी सुरू केलेला कराओके टेपवर चालत असे. १९९२ मध्ये जपानमध्ये दूरध्वनीच्या तारांवरून संकेत पाठवून चालणारा कराओके आला, त्याचे कारणही या संकेतांचा हलकेपणा हेच होते.

हा हलकेपणा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. सीडीच्या दर्जाचे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण सुमारे ३० मेगाबाइट जागा घेते. त्याच गीताची मिडी फाइल काही दहा किलोबाइटांत मावते. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर अशी काही डझन गीते बसत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने दिल्लीसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळातील २८.८ किलोबिट गतीच्या मोडेमवरून ४० किलोबाइटची फाइल उतरवावयास दहा-बारा सेकंद पुरत. पूर्ण ध्वनिमुद्रणास दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. नेहरू प्लेसच्या बाजारातून जोडून आणलेला संगणक, त्यातील साउंड कार्ड, एक कीबोर्ड आणि केकवॉकसारखी आज्ञावली एवढ्या साहित्यावर ट्रॅक तयार होऊ शकत होता.

दिल्लीतील मराठी गायकाच्या दृष्टीने या सोयीला आणखी एक अर्थ होता. गणेशोत्सव, कोजागरी, महाराष्ट्र दिन अशा प्रसंगी येथे मराठी गाणी हवी असतात. परंतु येथील साथीदारांचा हात मुख्यतः हिंदी चित्रपटगीते, गझल आणि भजन यांवर बसलेला. भावगीतातील मधल्या संगीताचा नेमका तुकडा किंवा लावणीची ढोलकी ऐन वेळी मिळणे कठीण. तयार फायलींचा बाजारही लोकप्रिय हिंदी गीतांच्या मागणीवर चालणारा. म्हणून ज्याला मराठी गीत हवे, त्याला ते बहुधा स्वतःच लिहावे लागे. अल्पसंख्य भाषकाच्या वाट्याला तयार वस्तूऐवजी लेखनाचे श्रम येतात. आणि त्या श्रमांतून तो आपल्या गीतांचा अधिक बारकाईने वाचक होतो.

६

हे वाचन कसे घडते? प्रथम मूळ मुद्रण पुनःपुन्हा ऐकून षड्ज आणि लय ठरवावी लागते. नंतर ठेका ओळखून तो एका आवर्तनापुरता लिहायचा, मग बास, मग स्वरसंगती, मग दोन अंतऱ्यांमधील व्हायोलिन, बासरी वा सतारीचे तुकडे. मुख्य स्वरावलीही एका मार्गिकेवर लिहून ठेवतात. गायकाला सरावासाठी ती ऐकता येते आणि अंतिम मुद्रणाच्या वेळी ती बंद करतात. मूळ गीत काळी चारमध्ये असेल आणि गायकाची पट्टी पांढरी एक असेल, तर सर्व स्वर एका आज्ञेने खाली आणता येतात; लय तीच राहते. टेपची गती कमी करून पट्टी उतरविली तर लयही उतरते. मिडीतील स्वर हा आवाज नसून आकडा आहे, म्हणून हे साधते.

या लेखनात काय सुटते, हे अधिक विचारणीय आहे. जनरल मिडीच्या यादीत पियानोला पहिला क्रमांक आहे. सतार १०५ व्या आणि शहनाई ११२ व्या क्रमांकावर आहे. ज्या गटात त्या आहेत, त्याला ‘एथ्निक’ असे नाव असून त्यात बँजो, जपानी कोतो, आफ्रिकी कलिम्बा आणि बॅगपाइप शेजारी-शेजारी बसले आहेत. जागतिक साहित्याच्या संकलनांत आपल्या भाषांना कोणती जागा मिळते, याचा ज्यांनी विचार केला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तालवाद्यांच्या यादीत बोंगो, कोंगा, टिंबाले, अगोगो, क्विका आहेत; तबला नाही, ढोलक नाही, ढोलकी नाही. परिणामी केहरवा बोंगो-कोंगांवर लिहावा लागे. मात्रा बरोबर येत. परंतु डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने उमटणारा घुमार आणि खाली-भरीचा भेद हरवत असे. चोखंदळ ट्रॅककार म्हणून तबला वेगळा मुद्रित करून जोडत, किंवा भारतीय वाद्यांचे नमुने असलेले कीबोर्ड वापरत.

मींडेचा प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. मिडीत स्वर वाकविण्याची सोय आहे. तिचे १६,३८४ टप्पे आहेत आणि सामान्यतः दोन अर्धस्वर वर व दोन खाली एवढा तिचा पल्ला असतो. म्हणजे मींड लिहिता येते. परंतु येथे बारा स्वरांपैकी एक स्वर हा नियम आणि मींड ही त्यापासूनची च्युती, असे व्याकरण गृहीत धरलेले आहे. भातखंडे लिपीत मींड दोन स्वरांना जोडणाऱ्या कमानीने दाखवितात. तीही संकेतमात्रच, पण ती वाट दाखविते, विचलन मोजत नाही. फाउल्ड्स यांनी पेटीविरुद्ध उपस्थित केलेला मुद्दा असा नव्या रूपात परत येतो. त्याला ट्रॅककाराने दिलेले उत्तर मात्र बंदीचे नाही. माउसने एकेक वक्ररेषा काढण्याचे आहे.

शब्दांच्या बाबतीतही असेच घडले. मिडी फाइलमध्ये गीताचे बोल स्वरांशी जोडून ठेवता येतात, परंतु प्रमाण आराखड्याने त्यासाठी इंग्रजी संगणकांची मूळ वर्णमाला सुचविली होती. त्यामुळे हिंदी-मराठी गीतांचे बोल या फायलींत रोमन लिपीत उतरले. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद त्या लिपीत पुसला जातो. ज्या गायकाने मराठी गीत अशा पडद्यावरून शिकले, त्याच्या उच्चारात तो परत आणणे हे शिक्षकाचे काम झाले.

साथीचे नातेही बदलले. नाट्यसंगीतात ऑर्गन आणि तबला गायकाच्या मागे जातात. तो आलापीत रमला तर ते थांबतात. ट्रॅक थांबत नाही. येथे गायकाला साथीची साथ करावी लागते. एकच चीज अनेक अंगांनी फुलविण्याची मुभा असलेल्या गायनाला यामुळे ठरावीक मापात यावे लागले. मिडी फाइलमध्ये निदान लय जागोजागी सैल करण्याची वाट लेखकाच्या हाती राहते. एकदा मुद्रित झालेल्या ट्रॅकमध्ये तीही राहत नाही.

७

२०१२ च्या दुरुस्तीने पुनर्गायनाचा कायदा पुन्हा बदलला. जुनी तरतूद जाऊन कलम ३१ग आले. आता पहिल्या मुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. मूळ कृतीत तांत्रिक आवश्यकतेपलीकडे बदलही करता येत नाही. कारखान्यातील उत्पादन डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही तरतूद घरातील एकुलत्या मुद्रणाला लागू करू पाहणे विसंगत वाटते. खाजगी वापर आणि निःशुल्क हौशी प्रयोग यांना कायद्यात स्वतंत्र सवलती आहेत. पण तेच मुद्रण सार्वजनिक ठिकाणी प्रसृत झाले की त्या पुरत नाहीत. मात्र याच कलमात एक उपबंध आहे : एखाद्या भाषेतील वा बोलीतील कृतींचा संभाव्य प्रसार पाहून किमान प्रतींची संख्या कमी ठरविता येईल. भाषेच्या वाचक-श्रोत्यांची संख्या ही हक्काच्या किमतीशी जोडली जावी, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. मराठीसारख्या भाषांच्या अभ्यासकांनी या उपबंधाकडे लक्ष द्यावयास हवे.

मिडी फाइल ही संगीतकृतीचे ‘आलेखित स्वरलेखन’ की ‘ध्वनिमुद्रण’, हा प्रश्नही येथे उद्भवतो. तिच्यात ध्वनी नाही, परंतु तिच्यातून ध्वनी निर्माण करता येतो. स्वरलेखन म्हणून पाहिले तर ती भातखंड्यांच्या वहीच्या रांगेत बसते. मुद्रण म्हणून पाहिले तर कॅसेटच्या. प्रस्तुत विवेचनाचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण तिच्या प्रत्येक ओळीमागे ऐकणाऱ्याचा निर्णय असतो.

हा निर्णयच आता अनावश्यक होऊ लागला आहे. २०१९ मध्ये डीझर या कंपनीने स्प्लीटर ही आज्ञावली खुली केली आणि त्यानंतर अशा अनेक साधनांनी मूळ मुद्रणातून गायकाचा आवाज वेगळा काढणे सोपे केले. आता ट्रॅकसाठी गीत पुन्हा लिहावे लागत नाही. मूळ वादकांचेच वादन आवाज वगळून हाती येते. त्यात तबला तबलाच असतो, मींड मींडच असते. श्रवणाच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. परंतु या प्रक्रियेत गीत कोणी वाचत नाही. ठेका कोणता, मधला तुकडा कोणत्या स्वरावर थांबतो, दुसऱ्या अंतऱ्यात व्हायोलिन का नाही, हे प्रश्न विचारल्याविना ट्रॅक तयार होतो. आणि मुद्रणाचा हक्क ज्याचा आहे त्याच्याच मुद्रणाचा अंश त्यात राहत असल्याने, स्वतंत्रपणे लिहिलेल्या साथीला असलेली कायद्यातील जागाही त्याला मिळत नाही.

यातून अभ्यासकांसाठी एक काम निघते. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेद ही अडचण न मानता परंपरेच्या इतिहासाची सामग्री मानली. एकाच गीताच्या तीन घरगुती मिडी फायली समोर ठेवल्या, तर त्यांतील भेद याच अर्थाने वाचता येतात : एकाने सतारीचा तुकडा गिटारीवर दिला, दुसऱ्याने कोमल निषाद वक्ररेषेने दाखविला, तिसऱ्याने ठेका सोपा केला. हे सर्व पाठ आहेत, आणि प्रत्येक पाठामागे एक कान आहे. गुरुग्राममधील वांशिक संगीतशास्त्राचे अभिलेखागार आणि दिल्लीतील संगीत नाटक अकादमी यांनी ध्वनिमुद्रणांच्या जतनाची परंपरा निर्माण केली आहे. तिच्या कक्षेत या स्वरलेखनालाही घेतले पाहिजे. फ्लॉपीवरील चुंबकीय थर झिजतो आणि ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत. छापील नाटकांच्या प्रती उरल्या, म्हणून पदांच्या माथ्यावरील चाली आज आपल्याला ठाऊक आहेत. घराघरांतील या फायली उरल्या, तरच विसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य श्रोत्याने आपली गाणी कशी ऐकली, याचा लेखी पुरावा पुढील अभ्यासकाच्या हाती येईल.